चित्रपटापूर्वीची सूचना आणि प्रेक्षकाचे हक्क

प्रश्न : सशुल्क वाहिनीवर चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक सूचना झळकते. प्रत काढल्यास किंवा सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवल्यास दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो, असे तीत म्हटलेले असते. ही सूचना म्हणजेच कायदा आहे का? मध्यरात्रीचा चित्रपट सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी घरी पाहिला, तर तो गुन्हा ठरतो का?

उत्तर : ही सूचना म्हणजे कायदा नव्हे, हक्कधारकाने कायद्याची करून दिलेली ती आठवण असते, आणि तीही त्याच्या सोयीपुरती. काय करू नये ते ती ठळकपणे सांगते, पण प्रेक्षकाला कोणती मोकळीक आहे याविषयी बहुधा अवाक्षरही काढत नाही. सूचनेचा हा एकांगीपणा मला गैर वाटतो, कारण पैसे भरून चित्रपट पाहणाऱ्यालाच ती आधी संशयित ठरवते.

घरगुती रेकॉर्डिंगबाबत प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. जर्मनीने 1965 साली खाजगी प्रतींना मुभा दिली आणि त्या बदल्यात रेकॉर्डिंगच्या उपकरणांवर आकार बसवून तो निर्मात्यांकडे वळवला. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये, बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा मताने असा निर्णय दिला की, कार्यक्रम नंतर सवडीने पाहता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणे हा रास्त वापर, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवायही चालणारा वापर आहे. मात्र तो खटला विनाशुल्क प्रक्षेपणापुरता होता. सशुल्क वाहिन्यांचा मुद्दा त्यात उपस्थितच झाला नव्हता, हे त्या निकालाचा आधार घेणारे अनेकजण विसरतात.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीनेच बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय दिली असेल आणि आपण ती घरच्या घरी, करारातील अटींनुसार वापरत असाल, तर काळजीचे कारण नाही. अशी प्रत सहसा सांकेतिक स्वरूपात साठवलेली असते आणि त्याच बॉक्सवर चालते. ते कुलूप तोडून चित्रपट बाहेर काढणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या 1996 च्या करारानुसार अशा तांत्रिक संरक्षणाला कायद्याचे पाठबळ देणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे, आणि म्हणून अनेक देशांत कुलूप तोडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदेशीर ठरते.

प्रश्न : सूचना दाखवलीच नाही, तर चित्रपटाची प्रत काढता येते का?

उत्तर : नाही. बर्न करारानुसार, म्हणजे स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, स्वामित्वहक्क कलाकृती निर्माण होताच मिळतो; तो उपभोगण्यासाठी नोंदणी, चिन्ह किंवा सूचना यांची अट घालता येत नाही, आणि हे तत्त्व 1908 पासून त्या करारात आहे. सूचना पाहिली असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव लंगडा पडतो, इतकाच काय तो फरक.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सभागृहात सशुल्क वाहिनीवरचा चित्रपट सर्वांना विनामूल्य दाखवायचा आहे. चालेल का?

उत्तर : परवानगीशिवाय दाखवू नये. घरासाठी भरलेल्या वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क येत नाही आणि तिकीट न लावल्याने तो आपोआप मिळतही नाही. काही देशांच्या कायद्यांत शाळा किंवा बिगरनफा संस्थांसाठी मर्यादित सवलती आहेत. आपले मंडळ त्यांत बसत नसेल, तर प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या वितरकाकडून दिनांक, स्थळ आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या कळवून लेखी परवाना घ्यावा.