उरलेले तीन लाख आवाजावर घाला

प्रश्न : ताई, बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबावर आम्ही मित्रांनी चित्रपट केलाय. 21 दिवसांचं शूटिंग, गावातलीच घरं, बहुतेक माणसंही गावातलीच. 14 लाख संपले. रफ कट (पहिलं कच्चं संकलन) 2 तास 18 मिनिटांचा झालाय आणि हातात 3 लाख उरलेत. बैलगाडीतल्या मुख्य प्रसंगात चाकांच्या आवाजात आईचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण चित्र इतकं सुंदर आलंय की चालून जाईल असं वाटतं. भाऊ म्हणतो, टीझर काढून रील्सवर पैसे लावू, गाजावाजा झाला की निर्माता मिळेल. मित्र म्हणतात, सरळ यूट्यूबला टाक. काय करू?
— एक वाचक, केज तालुका

उत्तर : चालून जाणार नाही. मी 17 वर्षं संकलन करते. थोडं अंधारलेलं, थोडं हललेलं चित्र प्रेक्षक सहज माफ करतो. पण बोलणं कळलं नाही की तो शेजारच्याला विचारतो, "काय म्हणाली?" आणि त्या क्षणी दोघंही चित्रपटातून बाहेर पडतात. म्हणून 3 लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे आवाजावर घाला. टीझर नंतर.

त्या आईला डबिंगसाठी मुंबईच्या स्टुडिओत आणू नका. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून गावातली बाई तशी बोलूच शकत नाही. तुम्हीच गावी जा. तीच बैलगाडी झाडाखाली उभी करा, बैल सोडा, तिला त्याच जागी बसवा, मोबाईलवर तो प्रसंग तीन-चारदा दाखवा आणि मग वाक्यं म्हणून घ्या. माइक तोंडापासून वीतभर. ओठ तंतोतंत जुळणार नाहीत, म्हणून तिथे चाकाचा, बैलाच्या मानेचा, पाठमोऱ्या आईचा शॉट वापरा. चाकांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, म्हणजे मिक्सिंगला तो हवा तेवढा खाली घेता येईल.

आणि त्याच फेरीत शांतता रेकॉर्ड करून आणा. माझ्या स्वतःच्या चित्रपटात आम्ही हे विसरलो होतो. प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारायचा. शेवटी सहा महिन्यांनी मी आणि आमचा साउंडवाला शूटिंग झालेल्या वाड्यात परत गेलो. मालकीणबाईंनी फ्रिज बंद केला, घड्याळाचा सेल काढला, नातवाला शेजारी पाठवलं आणि स्वतः उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. पहाटे पाच वाजता आम्ही तीन मिनिटांचा निव्वळ खोलीचा आवाज घेतला. त्या तीन मिनिटांवर आमचा अख्खा पूर्वार्ध शिवला गेला.

आता लांबी. 2 तास 18 मिनिटांचा कट घरच्यांना दाखवू नका. तुम्हाला न ओळखणारी दहा माणसं एका खोलीत बसवा, तुम्ही मागे बसा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या पाठीकडे बघा. कुठल्या मिनिटाला माणसं चुळबुळतात, कुठे मोबाईल उजळतो, ते लिहून ठेवा. नंतर एकच विचारा : गोष्ट सांगा बघू. ते जिथे अडखळतील तिथे तुमचं काम आहे. मला वाटतं, चित्रपट पावणेदोन तासांच्या आसपास येईल. जो शॉट घ्यायला सगळ्यांत जास्त कष्ट पडले तोच बहुधा काढावा लागतो. मन घट्ट करा.

इंग्रजी सबटायटल्स यंत्रावर सोडू नका, हे कळकळीनं सांगते. तुमच्या चित्रपटात 'कोयता' म्हणजे अवजारही आहे आणि टोळीत मोजली जाणारी नवरा-बायकोची जोडीही. मुकादम "वीस कोयते आणलेत" म्हणतो तेव्हा यंत्र वीस हत्यारं लिहील. 'उचल', म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नुसतं कर्ज म्हणून गेलं, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच विकले गेलेले हात कुणाला दिसणारच नाहीत. दोन्ही भाषा जाणणारं माणूस शोधा, त्याला पैसे द्या आणि शेजारी बसून एकेक ओळ तपासा.

सेन्सॉरचं आजच बघा, कारण तुमच्याकडे बैल आहेत. प्राणी असले की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं पत्र लागतं. त्यांचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. शूटिंगआधी परवानगी घेतली असेल तर ते कागद काढून ठेवा, घेतली नसेल तर काहीही न लपवता त्यांना लगेच लिहा. ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर चित्रपट या एका कागदासाठी अडकलेले मी पाहिलेत. वडील तंबाखू मळताना दिसत असतील तर तंबाखूविरोधी सूचनाही जोडाव्या लागतील. राज्य शासनाच्या अर्थसहाय्यासाठी अर्ज जरूर करा, पण ते पैसे चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यानंतरचे आहेत. त्यांच्या भरवशावर आज व्याजानं काढू नका.

यूट्यूबला मात्र अजिबात टाकू नका. अनेक महोत्सवांना चित्रपट आधी कुठे दाखवलेला नको असतो. एकदा सगळ्यांसमोर आला की ती दारं बंद. 'कोर्ट' हा मराठी चित्रपट 2014 च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि आपल्या थिएटरांत 2015 च्या एप्रिलमध्ये लागला. मधले सात महिने त्याचं नाव तयार होत होतं. तुम्हाला व्हेनिसच मिळावं असं नाही, पण क्रम तोच ठेवा. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, 2007 पासून. तिथे अपूर्ण चित्रपटांसाठी वेगळा विभाग आहे. रफ कट बघून जाणकार सल्ला देतात, वितरक आणि महोत्सववाले भेटतात. निर्माता शोधायचाच असेल तर तो रील्सपेक्षा तिथे भेटण्याची शक्यता जास्त. पुण्याच्या पिफ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला पाठवा. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या, 1968 पासून चाललेल्या फिल्म सोसायट्यांशी बोला. तिथला प्रेक्षक चित्रपट संपल्यावर थांबतो, प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगतो.

थिएटरबद्दल माझं मत कडक आहे. आमचा चित्रपट एका वितरकानं पहिल्याच शुक्रवारी 48 पडद्यांवर लावला, बहुतेक खेळ सकाळी साडेनऊचे. सोमवारी सगळे उतरले. तुम्ही बीड, अंबाजोगाई आणि पुणे एवढ्यापासून सुरुवात करा. दिवस मात्र बघून निवडा. दसरा-दिवाळीनंतर तुमचा खरा प्रेक्षक कारखान्यांच्या फडांवर गेलेला असतो. टोळ्या परतल्यावर, मे-जूनमध्ये, तो गावी सापडेल. गावातल्या ज्या बायकांनी काम केलंय त्यांना पहिल्या खेळाला सगळ्यांत पुढे बसवा. त्यांच्या घरची, शेजारची, माहेरची माणसं येतील ती कुठल्याही जाहिरातीनं येणार नाहीत.

शूटिंगचे चांगले स्थिर फोटो आहेत का? पत्रात उल्लेख नाही. पोस्टरला, वर्तमानपत्राला, महोत्सवाच्या पुस्तिकेला तेच लागतात आणि चित्रपटातून काढलेली फ्रेम छापल्यावर बहुधा पुसट दिसते. नसतील तर गावी जाताय त्याच फेरीत कॅमेरा घेऊन जा. आईचा एक फोटो गाडीजवळ, सकाळच्या उन्हात.

आणि हार्ड डिस्क. एकच प्रत असेल तर हे वाचून झाल्याबरोबर दुसरी करा आणि वेगळ्या घरात ठेवा.

नवा कट झाला की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, लिंकला पासवर्ड घालून. बैलगाडीचा प्रसंग मी आधी डोळे मिटून ऐकेन, मग बघेन.