"बापाचंच रक्त" म्हणतात, ते खरं का?

प्रश्न : बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांची गाडी न विचारता काढली आणि रंकाळ्याजवळ पाडली. त्याचे वडील मारामारीच्या गुन्ह्यात कळंबा जेलात होते, त्यामुळे घरात सगळे "बापाचंच रक्त" म्हणतात. गुन्हेगाराचा स्वभाव जन्मतःच वेगळा असतो, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का?
– एक मावशी, शुक्रवार पेठ

उत्तर : ताई, ते मत बहुधा मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांचं. त्यांनी ते १९६४ साली मांडलं. चूक केली की ओरडा बसतो, पोटात गोळा येतो. असं वारंवार झालं की चुकीच्या नुसत्या विचारानंही गोळा येऊ लागतो. सदसद्विवेक म्हणतात तो आयझेंकच्या मते हाच. बहिर्मुख, सतत थरार लागणाऱ्या मुलांत ही सांगड उशिरा बसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जन्मतः मिळतो तो शिकण्याचा वेग. गुन्हा कुणी जन्मतः आणत नाही. त्यातही बहिर्मुखतेचा पुरावा पुढं कच्चाच निघाला. उतावळेपणाचा आणि स्वतःला आवरता न येण्याचा संबंध मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसतो.

टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली अशा मुलांच्या दोन वाटा दाखवल्या. काही थोड्या मुलांचं मारणं, चोरणं अगदी लहानपणी सुरू होतं आणि मोठेपणीही चालू राहतं. बाकीची बहुतेक पोरं वयात येताना चुकतात आणि पुढं थांबतात. तुमचा भाचा बालवाडीपासून असा होता का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

मला खरी काळजी त्या "रक्ता"ची वाटते. माझ्याकडं असाच एक मुलगा आला होता. अर्धा तास खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन नखानं उचकटत बसला. घरी काय हाक मारतात विचारलं, तर खाली बघूनच म्हणाला, "कैदी." १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती अशाच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आपल्या शाहू महाराजांनी संस्थानात त्यांची सरकारी माणसांपुढची सक्तीची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली, पहाऱ्यावर नेमलं. त्याच कोल्हापुरात आपण घरच्या पोरावर शिक्का मारायचा?

त्याला घेऊन शेजाऱ्यांकडं जा. माफी त्यानं स्वतः मागू दे. दुरुस्तीचे पैसे सुट्टीत काम करून थोडे थोडे फेडू दे. अंगात रग असेल तर तालमीत घाला, तिथं वस्तादांचं ऐकावं लागतं. आणि वडिलांचं नाव भांडणात काढू नका.

गाडी पाडली तेव्हा त्याला कुठं लागलं का, हे पत्रात नाही. आज घरी गेलात की आधी ते विचारा.