तुमचे प्रश्न: बुधवारी रात्री मासे, तेही वाटणाशिवाय

प्रश्न: ताई, मी बदलापूरला राहते, ऑफिस ठाण्याला, घरी पोचायला आठ वाजतात. नवरा आणि मुलगा दोघेही मासे म्हटलं की खूश, पण आमच्याकडे मासे म्हणजे फक्त रविवार. सासूबाई करतात ते कालवण म्हणजे नारळ खवा, धणे-मिरच्या भिजत घाला, वाटा, ते आठवड्याच्या मधे रात्री कसं जमणार? पटकन होईल आणि तरी पोटभर माशाचं जेवण वाटेल असं काही सांगा ना.
– एक वाचक, बदलापूर

उत्तर: नक्की जमेल, कारण मासा स्वतः फार वेळ खातच नाही. मटणात चिवट भाग खूप असतो, तो मऊ पडायलाच तासभर जातो, माशात तो अगदी कमी, त्यामुळे बांगड्याचा तुकडा उकळत्या रश्श्यात सात-आठ मिनिटांत होतो. वेळ जातो तो साफ करण्यात आणि वाटणात. साफ करायचं काम मासेवालीवर सोपवा, थोडे पैसे जास्त घेतील पण कापून, पोट साफ करून देतात, आणि नारळाचं वाटण ज्यात लागतच नाही असा पदार्थ धरा. असे पदार्थ आपल्याकडे आधीपासूनच आहेत, नवीन काही शोधायला नको.

माझी पहिली पसंती बांगड्याचं तिखलं, मालवणकडचं. चार मध्यम बांगडे, प्रत्येकाचे तीन तुकडे. घरी आल्या आल्या आधी भात लावा, मग तुकडे धुऊन त्यांना मीठ-हळद लावून ठेवा आणि तोवर कपडे बदलून या. पसरट टोपात तीन चमचे तेल, त्यात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, लसूण जरा लाल झाली की गॅस अगदी बारीक करून दोन मोठे चमचे बेडगीचं तिखट (तिखट करपलं की सगळं कडू होतं म्हणून गॅस बारीक), लगेच दीड वाटी पाणी, पाच-सहा आमसुलं, मीठ आणि सहा-सात तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा मसाला). तिरफळाच्या आतलं काळं बी काढून टाकायचं, फक्त सालं जराशी ठेचून घालायची, पूड करू नका, उग्र होतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना तिरफळ हवंच, त्याशिवाय ते जेवण मला तरी अर्धवट वाटतं. रस्सा खळखळ उकळला की तुकडे एका थरात सोडा, झाकण ठेवा, आणि चमचा अजिबात घालू नका, टोप दोन्ही बाजूंनी धरून हलकेच हलवायचा म्हणजे तुकडे मोडत नाहीत. कुकर थंड होईपर्यंत तिखलं तयार. आणि उरलं तर टेन्शन नाही, फ्रीजमधे ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केलेलं जास्त मुरलेलं लागतं.

दुसरं म्हणजे भुजणं, वसई-पालघरकडे आणि सीकेपी घरांत होतं ते, यात तर फोडणीसुद्धा नाही. तीन कांदे पातळ उभे चिरायचे, आलं-लसूण-हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर भरड वाटायची, मग कांद्यात ते वाटलेलं, हळद, मीठ, चांगलं सढळ तेल घालून हाताने कुस्करायचं. या कुस्करण्यातच सगळी चव आहे, कांद्याला पाणी सुटेपर्यंत कुस्करा, घाई करू नका. मग पापलेटचे तुकडे किंवा मांदेली त्यात नीट घोळवून घ्यायची, अर्धी वाटी पाणी, झाकण, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. मुलगा तिखट खात नसेल तर मिरची कमी करा, चव जात नाही. बटाटा घालायचा असेल तर चकत्या एकदम पातळ आणि अगदी तळाशी, नाहीतर मासा शिजतो आणि बटाटा कच्चा राहतो.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्ही ठाण्याला मासे घेऊन बदलापूरपर्यंत लोकलने येणार असाल तर नको. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे बर्फाबाहेर बराच वेळ राहिले की त्यांच्यात हिस्टमीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, मग अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं, आणि हे कितीही शिजवलं तरी नष्ट होत नाही. त्यामुळे मासे बदलापूरला उतरल्यावर घराजवळच घ्या, पिशवीत बर्फ मागून घ्या. ते जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी आणा, धुवून, पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी रात्री संपवा. डब्यात ठेवताना लिंबू किंवा आगळ (कोकमाचा आंबट रस) लावू नका, रात्रभर आंबटात राहिला की मासा भुसभुशीत होतो. आंबट लावायचं ते शिजवायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी.

प्रश्न: मी पुण्यात एकटा राहतो, फ्रोझन सुरमईच्या तुकड्या आणतो. तव्यावर टाकल्या की चिकटतात आणि रव्याचं कव्हर तव्यालाच राहतं. काय चुकतंय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुकडी ओली असते, हेच. फ्रोझन मासा वितळला की त्यातून खूप पाणी सुटतं. सकाळी ऑफिसला जाताना फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवून जा, विसरलात तर बंद पिशवीसकट गार पाण्यात बुडवून ठेवा, पातळ तुकड्या अर्ध्या-पाऊण तासात सुटतात. गरम पाण्यात घालू नका, बाहेरून शिजायला लागते आणि आत बर्फ. मग कापडाने दाबून कोरडी करा, मीठ, हळद, तिखट, थोडं आगळ लावा, पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून टाका आणि तव्यावर टाकायच्या क्षणी रव्यात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळून घोळवा, आधीपासून घोळवून ठेवलं की रवा भिजतो. तवा तापल्यावर तेल, तेल तापल्यावर मासा, आणि मग तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू कुरकुरीत झाली की तुकडी आपोआप तवा सोडते, उलथन्याने ओरबाडायची गरजच पडत नाही. बरोबर वरण-भात आणि कांदा-लिंबू, झालं जेवण.

प्रश्न: पावसाळ्यात ताजे मासे महाग आणि भरवशाचे नसतात, तेव्हा काय करता?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे ट्रॉलरना बंदी असते, माशांची पैदास होऊ द्यायची म्हणून, आणि ती पाळली गेलीच पाहिजे असं मला वाटतं. या दिवसांत सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी. कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजा, पाण्यात घालून वरवरचा जवळा हाताने उचलून घ्या म्हणजे वाळू तळाशी राहते, असं दोनदा करा. भरपूर कांदा तेलावर परता, लसूण, मालवणी मसाला, जवळा, तीन आमसुलं, पाण्याचा हबका, पाच मिनिटं झाकण. मीठ शेवटी चाखूनच घाला कारण जवळा मुळात खारट असतो. तांदळाची भाकरी बरोबर असेल तर दुसरं काही करू नका. वास घरभर राहतो ही तक्रार असेल तर भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि तवा लगेच घासून टाका.