जर्मनी-जपान मशिनरी निर्यात: आधी ८४ फोडा

जर्मनी आणि जपानच्या मशिनरी निर्यातीची तुलना करताय आणि प्रत्येक तक्त्यात वेगळा आकडा दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. आमचा कुपवाड एमआयडीसीत मशीन टूलच्या कास्टिंगचं मशीनिंग करायचा व्यवसाय. कर्जप्रकरणासाठी बँकेनं आमच्याकडे हीच तुलना मागितली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

आकडे कुठं मिळतात ते तुम्हाला माहीत असणारच. खरी गोम एचएस कोडमध्ये, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाला जगभर लावतात त्या वर्गवारीच्या आकड्यांमध्ये आहे. चॅप्टर ८४ म्हणजे मशिनरी, असं सगळे धरून चालतात. पण ८४७१ खाली लॅपटॉप येतात, ८४११ खाली विमानाची जेट इंजिनं. चिप बनवायच्या यंत्रांना तर ८४८६ हा वेगळा कोड २००७ मध्ये मिळाला. म्हणजे तक्त्यातली २००६ ची आणि २००७ ची ओळ सरळ जोडायची नाही.

आम्हाला एका कार्यालयानं तक्त्याची झेरॉक्स दिली. वर नुसतं '८४', खाली रकमा. डॉलर की येन, एफओबी (जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत) की सीआयएफ (पुढचं भाडं-विमा धरून किंमत), कशाचा पत्ता नाही. विचारलं तर उत्तर, 'वरून असंच येतं.' लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायलाही खळखळ. बँकेच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, फाईल बाजूला पडली आणि तोवर ऑर्डर दुसरीकडे गेली. माहिती देणं हेच ज्यांचं काम, त्यांना तक्त्याखाली एक ओळ लिहिता येऊ नये, याचा राग आजही जात नाही.

मी अर्थशास्त्रातला माणूस नाही, प्रबंध असेल तर गाईडना विचाराच. पण माझ्या मते धातूकामाच्या मशीन टूलपुरतं बघायचं तर ८४५६ ते ८४६३ एवढंच घ्या. लेथ ८४५८, मशीनिंग सेंटर ८४५७. दोन्ही देशांचे निर्यातीचेच आकडे घ्या. एकाची निर्यात आणि दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाची आयात धरली, की भाडं आणि विमा मध्ये घुसतो.

आणि येनचा कॉलम ठेवाच. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण १०५ येन होते, ऑक्टोबर २०२२ मध्ये १५० च्या वर गेले. त्याच येन किमतीचा तोच लेथ डॉलरमध्ये तीसेक टक्के स्वस्त दिसतो. तेवढ्यावरून जपान मागे पडला म्हणणं मला पटत नाही.

ब्रँडवरूनही देश ठरवू नका. मशीन टूल बनवणारी माझाक कंपनी जपानी, पण त्यांचा कारखाना इंग्लंडमध्ये वूस्टरलाही आहे. तिथून बाहेर गेलेलं मशीन ब्रिटनच्या निर्यातीत धरलं जातं.