गॅरेजमधून उत्तरं : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदलावं का?

प्रश्न : माझी 2012 सालची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे, 78 हजार किलोमीटर झालेत. इंजिन ऑइल मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलते. गिअरबॉक्सचं तेल मात्र कधीच बदललेलं नाही. सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी क्षणभर थांबते, मग हलकासा धक्का देते. सासरे म्हणतात, "इतकी वर्षं चाललंय ना, आता हात लावू नकोस." घरी बदलता येईल का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : येईल, ताई. पण आधी तेल बघा, मग पाना हातात घ्या. गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पांढऱ्या कापडावर एक थेंब टेकवा. नवं तेल कोकम सरबतासारखं लाल असतं. तुमचं तपकिरी निघेल, त्याला घाबरू नका. जळका वास आला किंवा रंग सोलकढीसारखा दुधाळ गुलाबी दिसला तर मात्र थांबा. जळका वास म्हणजे आतल्या क्लचप्लेटा जळल्यात. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय, तुंबलेल्या रस्त्यातून नाहीतर गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या फुटलेल्या कूलरमधून. अशी गाडी नुसत्या तेलाने बरी होत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मी वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात नेहमी ऐकतो. लोक गिअर घसरायला लागल्यावर तेल बदलायला येतात, महिन्याभरात बॉक्स बसतो आणि नाव तेलाचं जातं. खरं तर या बॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाचा जोर तेच पुढे नेतं आणि माजिवड्याच्या रांगेत गाडी तासभर रखडली की सगळी उष्णताही तेच सोसतं. थेंब ठीक निघाला तर बदलाच. तेल होंडाचंच, डीडब्ल्यू-1. सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना चालतं म्हणून विकतात तो डबा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागे एक ग्राहक गाडी टो करून घेऊन आले. दुसरीकडे इंजिन ऑइल बदलून घेतलं होतं. तिथल्या मुलाने चुकून गिअरबॉक्सचा बोल्ट खोलला, ते तेल सोडलं आणि वरून इंजिनात नवं ऑइल ओतलं. इंजिन काठोकाठ, गिअरबॉक्स रिकामा. कापूरबावडीच्या पुलावर गाडीने मान टाकली. बॉक्स उघडला तर प्लेटा काळ्या ठिक्कर. मला आजही ते ग्राहक पायरीवर डोकं धरून बसलेले आठवतात. म्हणून बोल्ट नीट ओळखा : इंजिनाच्या बोल्टचं डोकं षटकोनी असतं, 17 चा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या बोल्टला मधोमध चौकोनी खळगा असतो, त्यात 3/8 इंचाचा रॅचेट थेट बसतो.

गाडी थोडी फिरवून आणा, तेल कोमट हवं. उकळतं नको, हात भाजतो. मागच्या चाकांना विटा लावा, पुढून उचलून दोन जॅक स्टँडवर टेकवा. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. खाली पसरट टब ठेवून बोल्ट सोडा. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण लागले तर फोटो काढून जाणकाराला दाखवा. चुंबक पुसा, अॅल्युमिनियमचा वॉशर नवा घाला आणि बोल्ट बेताने आवळा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, असेल तर 49 न्यूटन-मीटर.

निघालेलं तेल पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटल्यांत भरून मोजा. अडीच लिटरच्या आसपास भरेल. जेवढं निघालं तेवढंच नवं गिअरबॉक्समध्ये ओता, लांब नळीच्या नरसाळ्याने. मग गाडी खाली उतरवा, इंजिन चालू करून ब्रेक दाबून ठेवा आणि गिअर पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी पाच-सहा सेकंद थांबवत फिरवा. एक फेरी मारा, रेडिएटरचा पंखा लागू द्या. सपाट जागी इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांत डिपस्टिक बघा. बऱ्याच गाड्यांत ही पातळी इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात बंद करून. पार्किंगच्या उतारावर बघितलीत तर आकडा चुकणारच. जास्त झालं तर फेस येतो, कमी पडलं तर रिव्हर्सला तुमच्यासारखाच उशीर होतो. कदाचित तुमचं दुखणं एवढंच असेल.

एका वेळी साधारण 40 टक्केच तेल बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी नवं तेल 64 टक्क्यांवर जातं, तिसऱ्या वेळी 78 वर. इतकी वर्षं न बदललेल्या बॉक्सला मशीनने दाब देऊन धुऊ नका. तो प्रकार मी माझ्या गॅरेजात करत नाही.

जुनं तेल गटारात अजिबात नको. आपली गटारं नाल्यांतून खाडीला मिळतात. 2022 पासून ठाण्याची खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, फ्लेमिंगो तिथे चरतात. वापरलेलं तेल कायद्यानेही घातक कचराच. बाटल्या घट्ट बंद करून, अधिकृत पुनर्वापरवाल्याला तेल देणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या.

प्रश्न : माझी सेलेरिओ ऑटोमॅटिक आहे. तिलाही हेच लाल तेल लागतं का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. 2014 मध्ये सेलेरिओ एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, घेऊन आली. क्लचचं पेडल नसलं तरी आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. त्यामुळे बॉक्समध्ये मॅन्युअलचं गिअर ऑइल, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं. क्लच-गिअर हलवणाऱ्या त्या यंत्राचं तेल वेगळं असतं, त्याचा डबा मात्र घरी उघडू नका.