वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्सला आपलं काय आहे?

प्रश्न : आम्ही दोघं सप्टेंबरात इटलीला निघालोय. टूरवाल्यांनी फ्लॉरेन्सला एक दिवस मोकळा ठेवलाय. मुलगा म्हणतो, म्युझियमं बघा. मला म्युझियममध्ये अर्ध्या तासात जांभया येतात. तिथं आपल्या माणसाला जवळचं वाटेल असं काही आहे का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ‘तिथं आपलं काय आहे?’ हा प्रश्न मला एरवी आवडत नाही. परदेशात पोहे कुठं मिळतील, या प्रश्नाचा तो सख्खा भाऊ. पण तुम्ही नेमकं फ्लॉरेन्स विचारलंत आणि माझं तोंड बंद केलंत. तिथं कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री आहे.

दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, युरोप बघत परत निघाले. वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय जेमतेम विशीचं. त्या प्रवासाची त्यांची इंग्रजी रोजनिशी पुढं १८७२ मध्ये त्यांच्याबरोबरचे इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी छापून काढली.

आता बरोबरच्या मंडळींचा विचार करा. मुलूख अनोळखी, भाषा कळत नाही, थंडीचे दिवस, आणि दहन म्हणजे काय हे गावात कुणाला ठाऊक नाही. त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. आणि जागा कुठली निवडली? आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटीशी नदी येऊन मिळते, ती. म्हणजे त्या परमुलखात त्यांनी संगम हुडकून काढला! आपण संगम पुलावरून रोज जातो आणि सिग्नल सुटला का एवढंच बघतो.

त्या जागी १८७४ साली स्मारक उभं राहिलं. आराखडा चार्ल्स मॅंट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी बांधला तेच हे. खांबांवर तोललेली घुमटाची छत्री, आणि खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. फेटा, गळ्यात दागिने. पांढऱ्या संगमरवराचे पुतळे बघून बघून डोळे दमलेले असतात, त्यात हा रंगवलेला चेहरा एकदम ओळखीचा वाटतो. आमच्या यांनी आदरानं टोपी काढली. मग आठवलं, आपल्याकडं डोकं झाकायचं असतं. परत घातली.

जायचं कसं ते नीट ऐका, कारण मी चुकले होते. स्मारक कासिने नावाच्या बागेत आहे. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची गाईगुरं तिथं असायची, म्हणून दूधदुभत्याच्या गोठ्यावरून हे नाव पडलं. ट्रॅमच्या एका थांब्याला बागेचंच नाव आहे, म्हणून आम्ही खुशाल तिथं उतरलो. छत्री बागेच्या पार पश्चिम टोकाला, आणि बाग तीन किलोमीटरच्या वर लांब! त्यात मंगळवार होता. आपला जुना बाजार बुधवार-रविवारी, त्यांचा तिथं मंगळवारी सकाळी भरतो. चादरी, चपला, चीज, सगळं एका रांगेत. यांनी मोज्यांचे तीन जोड घेतले आणि त्यात पाऊण तास घालवला. पुढं चालताना माझा डावा गुडघा बोलायला लागला, तो पुण्याला येईपर्यंत बोलत होता. तुम्ही सरळ टॅक्सी करा. सायकल चालवत असाल तर भाड्यानं घ्या, रस्ता सपाट आहे.

रस्ता विचारताना महाराजांचं नाव घेऊन उपयोग नाही. ‘इंदियानो’ म्हणा. शेजारचा १९७८ सालचा मोठा पूलसुद्धा त्याच नावाचा. कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी आम्हाला हातानंच दिशा दाखवली, वर स्वतःच्या डोक्याभोवती बोट फिरवून फेटाही करून दाखवला. तेवढी भाषा पुरली.

प्रश्न : व्हेनिसला एकाच दुकानात सकाळी उभ्यानं कॉफी प्यायलो आणि संध्याकाळी बसून. दुसऱ्या वेळी बिल कितीतरी जास्त. आम्हाला फसवलं का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नाही हो. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यायची. दोन घोट, की चालू पडायचं. आपलं अमृततुल्यच म्हणा. टेबलाशी बसलात की बसण्याचे पैसे वेगळे, आणि दर भिंतीवर लिहिलेले असतात. सान मार्को चौकातल्या काही ठिकाणी तर वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात. जेवणाच्या हॉटेलात ‘कोपेर्तो’ असं लिहिलेलं दिसलं तर माणशी बसण्याचा आकार म्हणून तो समजून घ्या, वेटरशी हुज्जत घालू नका. मी घातली होती. आणि दुपारी जेवणावर काप्पुचीनो मागू नका. देतील; पण पुरणपोळीबरोबर कोकाकोला मागणाऱ्याकडं आपण जसं बघतो ना, तसं बघतील.

प्रश्न : चर्चमध्ये पंजाबी ड्रेस चालतो का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : उत्तम चालतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढंच. ओढणी पर्समध्ये ठेवा, बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या मैत्रिणीच्या कामाला येते. चपला मात्र काढायच्या नसतात. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या दारात मी क्षणभर थांबून चप्पल स्टँड शोधत होते, तर मागची रांग मला सॉरी म्हणत पुढं निघून गेली.