रिचमंडमधला लाफायेत

तुम्ही विचारलंय, 'म्हातारा झालेला युद्धवीर जुन्या गावी परतला आणि सगळं गाव त्याच्या स्वागताला लोटलं, असा इतिहासातला कोणता प्रसंग तुम्हाला भावतो?'

माझं उत्तर: ऑक्टोबर १८२४, व्हर्जिनियातलं रिचमंड, आणि पाहुणा मार्की द लाफायेत.

हा फ्रेंच सरदार १७७७ साली एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला आणि त्याच वर्षी ब्रँडीवाइनच्या लढाईत पायाला गोळी लागून जखमी झाला. पुढे मायदेशी राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्या वाट्याला पाच वर्षांचा तुरुंगवास आला. राष्ट्राध्यक्ष मन्रोंच्या निमंत्रणावरून तो अमेरिकेत परत आला तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता आणि लंगडत चालत होता. वॉशिंग्टनच्या सेनापतींपैकी जवळजवळ सगळे तोवर गेले होते. त्यामुळे लोक नुसते त्याला बघायला धावत. ठरलेला चार महिन्यांचा दौरा तेरा महिन्यांवर गेला आणि त्या वेळची चोवीसच्या चोवीस राज्यं त्याने पाहिली. गावोगावी कमानी, तोफांची सलामी, मेजवान्या. त्याची छबी असलेल्या फिती आणि हातमोजेसुद्धा विकले गेले.

रिचमंडमध्येही हा थाट होताच. तिथल्या विधानभवनात तर त्याचा संगमरवरी अर्धपुतळा आधीपासून होता. पण मला त्या शहरातली एकच भेट महत्त्वाची वाटते. गर्दीत त्याला जेम्स दिसला. लाफायेतने त्याला नावाने हाक मारली आणि सगळ्यांदेखत मिठी मारली. ही बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रातही आली.

जेम्स कोण? विल्यम आर्मिस्टेडच्या मालकीचा गुलाम. १७८१ मध्ये पळून आलेला गुलाम असल्याचं भासवून तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत शिरला आणि तिथल्या हालचाली लाफायेतला कळवत राहिला. पकडला गेला असता तर जिवानिशी गेला असता. युद्ध जिंकलं, पण जेम्स गुलामच राहिला! मालकाच्या बदली सैन्यात लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा होता, पण हेर त्यात बसत नव्हते. लाफायेतने १७८४ मध्ये स्वतःच्या हाताने त्याच्या कामगिरीचं प्रशस्तिपत्र लिहून दिलं. तरी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला मुक्त करायला १७८७ उजाडलं. मुक्त झाल्यावर त्याने आडनाव घेतलं ते लाफायेत.

ही मिठी ज्या शहरात मारली, तिथे तेव्हा माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालत होती. म्हणून तिचं मोल मला सगळ्या कमानींपेक्षा जास्त वाटतं. गोऱ्या मानकऱ्यांच्या घोळक्यातून नुसती मान हलवून पुढे जाणं त्याला सहज जमलं असतं. त्याने तसं केलं नाही. मानवंदना घेणारे युद्धवीर पुष्कळ झाले. ज्याच्या जिवावर विजय मिळाला, त्याला भर समारंभात ओळख देणारे थोडे.

जेम्सचं त्याच सुमाराला काढलेलं तैलचित्र आज रिचमंडच्याच व्हॅलेंटाइन संग्रहालयाकडे आहे. अंगात निळा लष्करी कोट आहे आणि नजर थेट समोर. लाफायेतची चित्रं कुठेही सापडतील, हे मात्र आवर्जून शोधून बघा.